सोमवारची हजेरी

आचलच्या धाकट्या बहिणीचं लग्न २००९ सालच्या अक्षय तृतीयेला झालं. थोरली घरात असताना धाकटी उजवली, म्हणून ते साल अकोल्याच्या जुन्या शहरातल्या त्या गल्लीत सगळ्यांच्या लक्षात राहिलं. हळदीच्या दिवशी एका मावशीनं आचलच्या हातातली वाटी हळूच काढून घेतली. "तू नको लावू बाई, तू आतलं पाह्य," एवढंच ती म्हणाली. आचल आत गेली आणि दिवसभर पुऱ्या तळत बसली.

कारण सगळ्यांना ठाऊक होतं. तीन वर्षांपूर्वी पातूरकडच्या एका मुलाशी तिचं साक्षगंध झालं होतं. चांगला हसरा मुलगा. साक्षगंधानंतर बाराव्या दिवशी तो कपाशीवर औषध फवारताना भोवळ येऊन पडला. ते विष अंगात भिनलं होतं, तो दवाखान्यातून परत आलाच नाही. वारा उलटा होता, पोट रिकामं होतं, तोंडाला काही बांधलेलं नव्हतं. पण लोकांनी वाऱ्याला बोल लावला नाही. पोरगी पांढऱ्या पायाची, म्हणाले. दहा तोंडांतून ऐकलेलं माणसाला अकराव्यांदा स्वतःच्याच तोंडून ऐकू येतं. आचलचं तसं झालं.

जुलैत तिला नोकरीची ऑर्डर आली. सरकारी योजनेतून गावोगावच्या हायस्कुलांना संगणक मिळाले होते आणि ते चालवायला एक कंपनी कंत्राटावर माणसं नेमत होती. मुलांना शिकवायचंच, पण त्याआधी मास्तरांना शिकवायचं. मास्तर वर्गात संगणक वापरू लागेपर्यंत त्यांच्या मागं लागायचं. दर्यापूरच्या अलीकडचं, खारपाणपट्ट्यातलं एक गाव तिच्या वाट्याला आलं.

पहिल्याच दिवशी एसटी चुकली. फाट्यावरून ती काळीपिवळीत बसली. नवी पर्स, मांडीवर फायली, कपाळावर घाम. दोन थांब्यांनंतर एक उंच तरुण वाकून आत शिरला आणि शेजारी बसला. त्यानं दोन पायांच्या मधात फवाऱ्याचा पंप ठेवला.

वास आला. तोच उग्र, घशाला चिकटणारा वास.

"भाऊ, गाडी थांबवा," आचल म्हणाली.

"इथं काय हाय ताई? इथं तं नुसतं वावर हाय," ड्रायव्हर म्हणाला.

"थांबवा."

ती उतरली. जीप गेली, धूळ खाली बसली, तेव्हा पाहते तर तो तरुणही पंप घेऊन रस्त्याच्या पलीकडे उभा.

"तुम्ही काहून उतरले?" तिनं विचारलं.

"तुमी माह्यामुळं उतरल्या. मग मी बसून राहनं बरं दिसते का?" तो म्हणाला. "फक्त एक सांगा. पंपाच्या वासानं उतरल्या का माह्या तोंडाले पाहून?"

"पंपाच्या."

"मग हरकत नाही. पंप मी बदलू शकतो."

तिनं मान फिरवली. हसू येऊ नये म्हणून फिरवली, पण तो त्याला रागच समजला. दोघं दोन किलोमीटर चालले, रस्त्याच्या दोन कडांनी. गावात त्यानं पंप पानठेल्यावर ठेवला, नळावर कोपरापर्यंत हात धुतले, खिशातून कंगवा काढून केस बसवले आणि सरळ हायस्कूलच्या फाटकातून आत शिरला. आचलही त्याच फाटकाशी उभी होती.

"मी पियुष," तो मागं वळून म्हणाला. "मराठी शिकवतो इथं. पाच वर्षं झाले, बिनपगारी. शाळेले अनुदान नाही ना अजून. म्हणून रविवारी वावरात राह्यतो, सोमवारी पंप घेऊनच इकडे येतो."

रविवारी वावरात. आचलनं ते ऐकलं, आणि तिची नजर पानठेल्यावरच्या पंपाकडे गेली. अजून काही नव्हतं, ओळखही नव्हती धड… तरी गेली.

*

संगणकाची खोली कुलपात होती आणि किल्ली मुख्याध्यापक खुशालराव सरांच्या कपाटात. दहा संगणक, दहांवर फुलाफुलांच्या कापडाच्या खोळी. चपला बाहेर. दसऱ्याला वाहिलेली कुंकवाची बोटं अजून होती. नऊ-दहा महिन्यांत एकाही मास्तरानं एकाही यंत्राला हात लावला नव्हता.

"बिघडलं तं जबाबदार कोन?" खुशालराव सर म्हणाले. "त्याच्यापेक्षा नवंच राहू द्या. आनि मॅडम, एक सांगून ठेवतो. तुमच्या आधी ज्या होत्या, त्यांच्याबद्दल गावात कुजबुज झाली. खरं-खोटं देव जाने. पन संस्थेनं एक कागद पाठवला, कंपनीनं आठ दिवसात घरी बसवलं. तवा जपून."

आचल जपून राहू लागली. सकाळी पहिल्या तासाला गणिताच्या मॅडमजवळ बसायची, त्यांचा हात धरून माऊस फिरवायची. "तो चावत नाही मॅडम." दुसऱ्या तासाला विज्ञानाच्या सरांबरोबर वर्गात जायची, हृदयाचं चित्र प्रोजेक्टरनं भिंतीवर पाडायची, आणि सर घाबरून गप्प झाले की मागच्या बाकावरून हळूच म्हणायची, "पुढचं बटन, सर." मधल्या सुट्टीत खुशालराव सर. त्यांना एकच गोष्ट आवडली, फाईल जतन करणं. दर ओळीला ते जतन करत आणि समाधानानं मागं रेलत. शाळेतल्या मदतनीस मैनाबाई रोज बारा वाजता येऊन सगळे पडदे, म्हणजे टीव्हीसारखे दिसणारे भाग, बटन दाबून बंद करायच्या आणि खोळी घालायच्या. संगणक बंद झाला, असं त्या समजत. खालचा डबा चालूच असतो, हे आचलनं चारदा सांगितलं. "चेहरा झाकला म्हणजे माणूस झोपते, बाई," मैनाबाई म्हणायच्या.

तसंही बारानंतर काम नव्हतंच. लोडशेडिंग. बारा ते अडीच वीज नाही.

म्हणून तिनं पुठ्ठे आणले. दुकानातल्या खोक्यांचे पुठ्ठे कापून त्यांवर पट्टीनं चौकोन आखले, एकेका चौकोनात एकेक अक्षर. पुठ्ठ्याचे दहा कीबोर्ड. वीज नसताना मास्तर मंडळी खाली सतरंजीवर बसायची आणि पुठ्ठ्यावर बोटं आपटायची. काही बिघडायची भीती नाही, म्हणून सगळे शिकले. फक्त पियुष सरांचं बोट एकेका अक्षरावर मुक्कामाला थांबायचं.

"सर, एवढा वेळ?"

"कपाशी वेचून राहिलो मॅडम. घाईनं केलं का बोंडाले कचरा लागते."

एकदा ती त्याच्यासमोर बसून त्याची बोटं तपासत होती. तिनं दिलेलं वाक्य होतं, 'कमल नमन कर.' त्याची बोटं भलतीकडेच जात होती. तिला अक्षरांच्या जागा पाठ होत्या, बोट कुठं पडलं ते पाहून ती वाचू शकायची. ड… बा. आ… ण… ला. का.

'डबा आणला का?' असं लिहिलं होतं.

तिनं वर पाहिलं. तो पुठ्ठ्याकडेच पाहत होता, चेहरा अगदी विद्यार्थ्यासारखा. बाजूला गणिताच्या मॅडम, पलीकडे दोन सर, कोणालाच काही कळलं नाही. पुठ्ठ्यावर काही उमटत नाही.

"चुकलं, सर," ती म्हणाली. "पुन्हा करा."

पुन्हा त्यानं लिहिलं, "आज निळा रंग छान दिसतो."

आचलची ओढणी निळी होती. तिचे कान गरम झाले. "चुकलं," ती पुटपुटली.

"किती चुका काढता मॅडम तुमी," तो मोठ्यानं म्हणाला, आणि सगळे हसले.

मग ते रोजचंच झालं. तो लिहायचा, ती वाचायची. ती मात्र कधी उत्तर द्यायची नाही. बोट पुठ्ठ्यापर्यंत जायचं… आणि मागं यायचं. पण दर सोमवारी शाळा भरायच्या वेळी ती संगणकाच्या खोलीच्या खिडकीशी काहीतरी काम काढायची. तिथून फाटक दिसायचं. रविवार गेला, फवारणी झाली असेल, आता येतो की नाही… उंच माणूस फाटकातून आत आला की ती श्वास सोडायची आणि पुसलेली काच परत पुसायची.

पोळ्यानंतरच्या सोमवारी तो आला नाही.

पहिला तास झाला, दुसरा झाला. हजेरीपटावर त्याच्या नावापुढचा चौकोन कोरा. कोणाला विचारावं? विचारलं तर काहून विचारता, म्हणतील. गणिताच्या मॅडमच्या हातात तिनं माऊस उलटा दिला. जेवणाचा डबा न उघडता परत नेला. एसटीत बसल्यावर पुढच्या बाकावरची दोन माणसं कोणा एका पोराबद्दल बोलत होती, फवारा मारता मारता पडला म्हणे… आचलनं पुढच्या बाकाचा दांडा घट्ट धरला. "कोणत्या गावचा?" तिनं विचारलं. ते गाव वेगळं होतं. तिकडचा कोणीतरी. तिला बरं वाटलं, आणि बरं वाटल्याची लाज वाटली.

मंगळवारी तो फाटकातून शीळ घालत आला.

"काल कुठं होते?" खोलीच्या दाराशीच तिनं विचारलं.

"अमरावतीले. मान्यतेच्या फायलीसाठी बोलावलं होतं. शाळेले अनुदान मिळते म्हणतात अवंदा, माहा प्रस्ताव…" तो थांबला. "मॅडम, तुमी रडून राहिल्या का?"

"सांगून जायचं ना."

"कोनाले सांगू? मी तं रोज बोलतो. तुमीच चूक काढता."

मग तिनं सांगितलं. उभ्या उभ्या, खाली पाहत. साक्षगंध, बारावा दिवस, मावशीनं काढून घेतलेली हळदीची वाटी. "तुम्ही वावरात जाता. औषध मारता. माझ्या जवळ येऊ नका, सर. माझा पाय चांगला नाही."

त्याला काहीतरी बोलायचं होतं. पण व्हरांड्यात खुशालराव सरांच्या वहाणांचा आवाज आला आणि ती खडू घेऊन फळ्याकडे वळली. त्या दिवसापासून तो पुठ्ठा घेऊन बसला की आचल दुसऱ्या रांगेला जायची. त्याच्या बोटांकडे ती पाहतच नव्हती.

*

दिवाळीच्या सुट्ट्यांआधी संस्थेचे अध्यक्ष शाळा पाहायला येणार, असं कळलं. शिक्षकांच्या मान्यतेच्या प्रस्तावांवर त्यांचीच सही लागायची. खुशालराव सरांनी दोन दिवस खपून अहवाल तयार केला, दर ओळीला जतन केला. वीज गेली तर फजिती नको म्हणून त्या सकाळी एका संगणकाला बॅटरी जोडून घेतली. आणि पुठ्ठे उचलून मैनाबाईंना सरपणात टाकायला दिले. "पाहुन्यासमोर खोके नको."

बाराला पंखे थांबले. मैनाबाईंनी नेहमीसारखी बटनं दाबली, खोळी घातल्या आणि गेल्या. आचल कोपऱ्यात वह्या तपासत होती. पियुष आत आला.

"पुठ्ठे कुठं गेले?"

"चुलीत."

तो पहिल्या टेबलापाशी बसला, खोळ कोपऱ्यातून वर केली आणि खरा कीबोर्ड पुढं ओढला.

"इकडे पाहा मॅडम."

"नाही."

"एकदा."

"सर, आज अध्यक्ष येणार आहेत. कोणी पाहिलं तर…"

"काळा पडदा हाय. मेलेलं मशीन. काय पाहतील?"

तो लिहू लागला. टक… टक… एकेक अक्षर. आचलनं वहीतून डोकं वर केलं नाही. एकाच वहीचं एकच पान ती वीस मिनिटं तपासत होती. शेवटी खुर्ची सरकल्याचा आवाज आला आणि तो गेला. चेहरा झाकला होता, पण त्या एका मशीनचं पोट बॅटरीवर चालू होतं आणि पोटात सरांचा अहवाल उघडाच होता. ते त्याला माहीत नव्हतं, आणि तिच्याही ध्यानात आलं नाही.

अडीचला वीज आली. मैनाबाईंनी खोळी काढल्या, बटनं दाबली. खुशालराव सरांनी पहिलं पान पाहिलं, जतन केलं आणि समाधानानं मागं रेलले.

तीन वाजता सगळे मास्तर, अध्यक्ष आणि त्यांच्याबरोबरची दोन माणसं खोलीत बसली. भिंतीवर अहवाल उमटला. खुशालराव सर चष्मा लावून मोठ्यानं वाचू लागले. इमारत, पटसंख्या, निकाल. तिसरं पान.

"शाळेत एकूण दहा संगणक असून सर्व शिक्षक त्यांचा नियमित वापर करतात. आचल मॅडम, तुमाले वाटते तुमच्यामुळं मी मरीन…"

सर वाचताना अर्थाकडे लक्ष देत नसत. ते तसेच पुढं गेले.

"…मरनाची भीती मलेही हाय. पण ती औषधाची हाय, तुमची नाही. सोमवारी तुमी खिडकीतून फाटकाकडे पाह्यता. त्याच्यासाठी मी रविवारी सांभाळून राह्यतो. लांब राहा म्हनता तं राहीन, पन एकदा पाहून सांगा…"

आता मात्र सर थांबले. जे वाचायचं नाही म्हणून आचल वीस मिनिटं मान खाली घालून बसली होती, ते भिंतभर पसरलं होतं.

"खुशालराव," अध्यक्ष सावकाश म्हणाले, "हे अहवालात कोन्या मथळ्याखाली येते?"

कोणी हसलं नाही. "साहेब, मले… हे कोनं लिहिलं?" खुशालराव सरांचा घाम कानामागून उतरत होता.

पियुष उभा राहिला. "म्या लिहिलं. मशीन बंद हाय समजून लिहिलं. मॅडमचा काही संबंध नाही. त्यांनी पाह्यलंसुद्धा नाही."

"मास्तर, तुमचा प्रस्ताव माह्या बॅगमधी हाय. सही व्हायची हाय. माहीत हाय ना?"

"माहीत हाय."

"पाच वर्षं फुकट शिकवलं तुमी."

"हो."

"मंग?"

अध्यक्षांनी बॅग पायाजवळ ओढून घेतली.

आचल वाचली होती. तिनं पाहिलंसुद्धा नाही, असं त्यानं सगळ्यांसमोर सांगून टाकलं होतं. आता नुसतं गप्प बसायचं होतं. नोकरी राहिली असती, नाव राहिलं असतं, आणि तो दूर गेला असता. तिला तेच तर हवं होतं. पण समोर तो उभा होता, खाली हात सोडून, आणि त्याची पाच वर्षं एका बॅगेत बंद होत होती. आपण जवळ गेलो तर याचं वाईट होईल, म्हणून ती लांब राहिली होती. ते वाईट तिच्या डोळ्यांदेखत होत होतं, आणि ती तर जवळही गेली नव्हती.

ती उठली.

"साहेब, संबंध आहे," ती म्हणाली. "मी सोमवारी फाटकाकडे पाहते. त्यात खोटं काही नाही. सर म्हणतात तसं आज पाहूनच सांगते…" तिनं मान वळवली. चार महिन्यांत पहिल्यांदा तिनं चारचौघांत त्याच्याकडे सरळ पाहिलं. "लांब राहू नका."

मागं उभ्या मैनाबाई पदर तोंडात धरून म्हणाल्या, "बाप्पा…"

अध्यक्षांनी भिंतीकडे पाहिलं. मग खुशालराव सरांना म्हणाले, "ते पान काढून टाका. आनि या दोघांतलं एक कोनी तरी या शाळेतून काढा. एका फाटकात दोघं नको."

खुशालराव सर उठले, घाईनं बटन दाबलं. सवयीनं त्यांनी परत जतनच केलं.

*

आठ दिवसांत आचलची बदली पातूरच्या एका शाळेत झाली. घरी बसवलं नाही, हेच खूप. पियुषच्या प्रस्तावावरची सही त्या वर्षी झाली नाही, पुढच्या वर्षी झाली.

पातूर. ज्या बाजूला ती तीन वर्षं फिरकली नव्हती, तीच वाट आता रोजची. एसटी कपाशीच्या वावरांमधून जायची, कुठं कुठं पाठीवर पंप घेतलेला माणूस दिसायचा, आणि ती खिडकी लावून घ्यायची. सोमवारी मात्र मधल्या सुट्टीत तिचा मोबाईल एकदा वाजायचा.

"हजर," पियुष म्हणायचा.

"तोंडाला बांधलं होतं?"

"लुटारूसारखं. वावरातल्या बायका पळाल्या."

"खाऊन गेले होते?"

"दोन भाकरी. मॅडम, तुमी बाकीच्या मास्तरायची एवढी परीक्षा घेता का?"

"बाकीचे मरू दे," ती म्हणाली, आणि जीभ चावली. तो तिकडे हसत सुटला.

फेब्रुवारीत त्याचे आजोबा नत्थुजी मुलगी पाहायला अकोल्याला आले. सत्त्याहत्तर वर्षांचा म्हातारा, धोतर, हातात काठी. आचलच्या आईनं तिला आत बजावलं होतं, जुनं काही काढू नको. आचलनं चहाचा कप पुढं ठेवला आणि उभ्यानंच सगळं सांगून टाकलं. आईनं डोळे मिटले. "लोक मला पांढऱ्या पायाची म्हणतात, आबाजी. उद्या कळण्यापेक्षा आज सांगते. मला अजूनही भीती वाटते."

नत्थुजींनी चहा बशीत ओतला, फुंकला.

"पोरी, आमच्या घरात मरायचा पहिला नंबर माहा हाय," ते म्हणाले. "मी बसलो हाय रांगेत. मधात घुसून कोनं मरू नये, एवढं पियुषले मी बजावून ठेवलं हाय. तू काय पाय घेऊन बसली? पोहे आन."

पियुष खाली मान घालून हसत होता. निघताना दाराशी, चपला शोधायच्या निमित्तानं, तो मागं राहिला.

"काही अट?" त्यानं विचारलं.

"वाऱ्याकडे तोंड करून फवारायचं नाही. रिकाम्या पोटी जायचं नाही. आणि तोंडाला बांधायचं."

"ह्या तं तीन झाल्या."

"एकच समजा."

"आनि तुमची भीती?"

"ती येईल माझ्यासोबत," आचल म्हणाली. "चालेल?"

"येऊ द्या. घर मोठं हाय."

लग्न २०१० च्या मे महिन्यात झालं. हळदीला आचलनं स्वतःची वाटी स्वतः धरली. भीती खरंच सोबत आली. फवारणीच्या दिवसांत ती संध्याकाळपर्यंत दारात येरझाऱ्या घालायची, आणि नत्थुजी बाजेवरून म्हणायचे, "बस वं माय, येते तो." तो यायचा.

नत्थुजी १६ जानेवारी २०१४ रोजी, संक्रांतीनंतर दोन दिवसांनी, सकाळचा चहा झाल्यावर बाजेवर वारले. वय एक्क्याऐंशी. आचल त्या घरात आल्यानंतरचं ते पहिलं मरण.